मारिओ विसिंतिनी : बायप्लेनवाला सगळ्यात मोठा एस आणि बिझेनचा डोंगर

रानवारा (धागाकर्ता):
नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा धागा काढायचा म्हणत होतो. दुसऱ्या महायुद्धातले फायटर पायलट म्हटलं की स्पिटफायर, मेसरश्मिट, मस्टँग यांच्याच गोष्टी निघतात, पण त्याच युद्धात दोन मजली पंखांच्या, उघड्या कॉकपिटच्या विमानात, म्हणजे बायप्लेनमध्ये बसून लढलेले एस (शत्रूची पाच किंवा जास्त विमानं पाडलेले पायलट) होते आणि त्यातला सगळ्यात जास्त विमानं पाडणारा माणूस इटालियन होता, मारिओ विसिंतिनी. नुसत्या बायप्लेनवर १६ विमानं, तीही सगळी पूर्व आफ्रिकेत, जेमतेम आठ महिन्यांत. स्पेनच्या यादवी युद्धातलं त्याचं खातं वेगळं.

जन्म २६ एप्रिल १९१३, पारेंझो नावाच्या गावी. हे गाव इस्त्रियामध्ये, एड्रियाटिक समुद्राच्या काठावर. तो जन्मला तेव्हा तिथे ऑस्ट्रिया-हंगेरीचं राज्य होतं, पहिल्या महायुद्धानंतर इटली आली, आणि आज नकाशात शोधाल तर क्रोएशियात पोरेच म्हणून सापडेल. म्हणजे ज्या गावाचा झेंडा सतत बदलत राहिला त्या गावचा मुलगा. मला वाटतं सरहद्दीवरच्या माणसांना देश ही गोष्ट जरा जास्तच घट्ट धरून ठेवावी लागते, आणि या घरातल्या दोन्ही मुलांचं आयुष्य बघितलं की ते पटतं. दुसऱ्या मुलाबद्दल पुढे लिहितो.

स्पेनमध्ये तो १६ व्या ग्रुपमधून लढला, ज्याचं नाव होतं कुकाराचा, म्हणजे झुरळ. विमान फियाट सीआर ३२. यातलं सी म्हणजे काच्चा, इटालियनमध्ये फायटर, आणि आर म्हणजे डिझायनर चेलेस्तिनो रोझातेल्ली. त्याच रोझातेल्लीने पुढे सीआर ४२ बनवलं आणि तेच विसिंतिनीचं विमान. मे १९३८ मध्ये ते पहिल्यांदा उडालं, म्हणजे बघा, हरिकेन आणि स्पिटफायर दोन्ही तोपर्यंत उडून झाली होती. इटलीने मात्र बायप्लेनच धरून ठेवलं कारण स्पेनमध्ये त्यांच्या पायलटांनी गिरक्या घेत, शेपटीमागे लागत लढाया जिंकल्या होत्या, त्यांना वळणारं विमान हवं होतं, पळणारं नको होतं. जिंकलेल्या युद्धातून चुकीचा धडा घेतला तो असा.

१९४० च्या वसंतात तो एरिट्रियात, म्हणजे तांबड्या समुद्राकाठच्या इटालियन वसाहतीत आला, ४१२ व्या स्क्वॉड्रिलियामध्ये, म्हणजे हवाई तुकडीत. १० जूनला इटलीने युद्ध पुकारलं आणि चौथ्या दिवशी, १४ जूनला, मसावा बंदरावर आलेलं ब्रिटिशांचं वेलस्ली बॉम्बर त्याने पाडलं. तिथून सुरुवात.

बाकी प्रतिसादांत लिहितो, एका दमात होत नाहीये. कुणाला या आघाडीबद्दल माहिती असेल तर जरूर भर घाला.

विमानवेडा:
वा, धाग्याबद्दल आभार. विमानाबद्दल मी थोडं घालतो. सीआर ४२ ला फियाटचं ए ७४ रेडियल इंजिन, ८४० हॉर्सपॉवर, वेग ताशी ४३० किलोमीटरच्या आसपास. दोन मशीनगन, १२.७ मिलिमीटरच्या ब्रेडा-साफाट, नाकावरून पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या जायच्या. त्याच्यासमोर ब्रिटिशांचं बायप्लेन ग्लॅडिएटर, त्याला चार गन पण त्या छोट्या, .३०३ च्या. ग्लॅडिएटर जरा चपळ, फियाट जरा वेगवान आणि गोळी जड. म्हणजे दोघं जवळपास तोलामोलाचे, आणि अशा वेळी कोण वर आहे, कोणाच्या पाठीशी सूर्य आहे आणि कोण आधी बघतो यावर सगळं ठरतं.

एक मोठा फरक मात्र होता, रेडिओ. ग्लॅडिएटरमध्ये होता. इटालियन फायटरमध्ये नव्हता, म्हणजे हवेत एकदा उडालं की सोबतच्याला काही सांगायचं तर पंख हलवायचे नाहीतर हातवारे करायचे, कॉकपिट उघडं असल्यामुळे तेवढं तरी जमायचं. ढगात शिरलं की प्रत्येक जण एकटा. ही गोष्ट लक्षात ठेवा, रानवारा पुढे जे लिहिणार आहेत त्यात ती महत्त्वाची आहे.

कोल्हापूरची_शिक्षिका:
वाचतेय. एक प्रश्न, इटालियन लोक आफ्रिकेत इतके आत अडकले होते तर त्यांना नवीन विमानं कशी मिळायची? सुएझ तर ब्रिटिशांकडे होता ना?

रानवारा:
ताई, अगदी नेमका प्रश्न. युद्ध सुरू झालं त्या दिवशीच इटालियन पूर्व आफ्रिका, म्हणजे एरिट्रिया, इथिओपिया आणि सोमालिया, बेट झाली. उत्तरेला ब्रिटिश सुदान आणि इजिप्त, दक्षिणेला केनिया, समुद्र ब्रिटिश नौदलाचा. पेट्रोल, टायर, सुटे भाग, जेवढे साठवले तेवढेच. मग त्यांनी काय केलं, सावोइया-मार्केट्टी एसएम ८२ नावाचं तीन इंजिनांचं पोटाळ विमान होतं, त्याच्या पोटात सीआर ४२ चे भाग सुटे करून भरायचे आणि लिबियातून रात्री वाळवंट ओलांडून न्यायचे. एका एसएम ८२ मध्ये एक अख्खं फायटर. अशी पन्नासच्या आसपास विमानं पोचवली. तिथले मेकॅनिक ती पुन्हा जोडायचे. मला तर विसिंतिनीपेक्षा या मेकॅनिकांचं जास्त कौतुक वाटतं, कारण टायर संपत आलेत, सामान येत नाही, आणि रोज सकाळी विमान उडायला तयार पाहिजे.

आता ऑक्टोबर १९४०. सुदानमध्ये गेदारेफ नावाच्या ठिकाणी ब्रिटिशांची विमानं उतरवलेली होती. १६ तारखेला ४१२ ची सीआर ४२ तिकडे गेली, पुढे वाट दाखवायला एक सावोइया ७९ बॉम्बर, कारण फायटरांकडे स्वतःची वाट शोधायची साधनं नव्हती. जमिनीवर उभी असलेली आठ वेलस्ली आणि दोन व्हिन्सेंट जाळली. दहा विमानं एका सकाळी. त्या आघाडीवर एकूण विमानंच इतकी कमी होती की दहा जाणं म्हणजे ब्रिटिशांना फार मोठा धक्का.

आणि पुढच्याच महिन्यात, ६ नोव्हेंबरला, सुदान-इथिओपिया सरहद्दीवरचं गल्लाबात. तिथे १० व्या इंडियन ब्रिगेडने हल्ला केला, ब्रिगेडियर होते विल्यम स्लिम, हो तेच, पुढे बर्मात जपान्यांशी लढलेले. सकाळी गल्लाबातचा किल्ला घेतला पण वरून सीआर ४२ आली आणि पाच ग्लॅडिएटर पाडली. ग्लॅडिएटर एकत्र न येता थोडी थोडी आली आणि एकेक करून मारली गेली. आकाश इटालियनांचं झाल्यावर त्यांच्या बॉम्बरनी खाली धुमाकूळ घातला आणि स्लिमला मागे यावं लागलं.

खडकीचा_सॅपर:
गल्लाबातचं नाव वाचून राहवलं नाही म्हणून खास लॉगिन केलं. याच गल्लाबात-मेतेम्मा रस्त्यावर पुढे फेब्रुवारी १९४१ च्या सुमारास केलेल्या कामगिरीबद्दल सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते आमच्या बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे सैन्यातल्या इंजिनिअरांचे, २१ फील्ड कंपनी. इटालियन माघार घेताना इथिओपियातल्या गोंदरच्या रस्त्यावर सुरुंग पेरत गेले होते आणि भगत साहेब सगळ्यात पुढच्या कॅरिअरमध्ये (साखळीवर चालणाऱ्या छोट्या लष्करी गाडीत) बसून ते शोधत, काढत गेले, ५५ मैल, १५ सुरुंगक्षेत्रं. कॅरिअर खालून उडालं, सोबतचे गेले, कानाचे पडदे फाटले तरी दुसऱ्या गाडीत बसून पुढे. खडकीत अजूनही नवीन पोरांना ही गोष्ट सांगतात.

तुम्ही इटालियन पायलटवर धागा काढलाय म्हणून तक्रार अजिबात नाही, उलट बरं वाटलं की त्या आघाडीवर कुणी मराठीत लिहितंय. आपल्याकडे बर्मा आणि इटली माहिती, एरिट्रिया कुणालाच माहिती नाही.

एकटा_वाचक:
लिखाण आवडलं पण एक टोचलं ते सांगतो. वेलस्ली, हार्डी, व्हिन्सेंट ही त्या काळातही म्हातारी झालेली विमानं. वेलस्ली एक इंजिन असलेलं, हळू, लांब पंखांचं बॉम्बर. अशा विमानांवर १६ चा आकडा गाठणं म्हणजे खरंच मोठं कर्तृत्व का? आणि दुसरं, हा माणूस कोणासाठी लढत होता? १९३५-३६ मध्ये याच इटालियन हवाई दलाने इथिओपियन लोकांवर मस्टर्ड गॅस टाकला होता. स्पेनमध्ये फ्रँकोच्या बाजूने लढले. मला या माणसाला हिरो म्हणवत नाही.

रानवारा:
तुमचे दोन्ही मुद्दे मी आधी मनात घोळवले होते म्हणून सरळ उत्तर देतो.

पहिला, विमानं म्हातारी होती हे खरं, पण सीआर ४२ तरी कुठे तरुण होतं. आणि वेलस्लीचा वेग कमी असला तरी त्याच्याजवळ जायला आधी ते सापडायला लागतं. रडार नाही, रेडिओ नाही, मसावाच्या आकाशात किनाऱ्यावरून कुणी फोन केला तर उडायचं, वर चढेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जातात, तोवर बॉम्बर बॉम्ब टाकून निघून गेलेलं असतं. एकाच स्क्वॉड्रिलियामधले सगळे पायलट याच विमानांत याच आकाशात होते, लुइजी बारोन नावाचा त्याचा सोबतीही मोठा एस होता, तरी विसिंतिनी सगळ्यांच्या पुढे गेला. थांबायचं कधी, वर किती चढायचं, गोळी किती जवळून मारायची, हे त्याला बाकीच्यांपेक्षा जास्त कळत होतं.

दुसरा मुद्दा जास्त जड आहे. गॅसबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे आणि ते विसरून पूर्व आफ्रिकेबद्दल लिहिताच येत नाही. ज्या जमिनीवर हे लढले ती ना ब्रिटिशांची ना इटालियनांची, लोक एरिट्रियाचे आणि इथिओपियाचे होते आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विसिंतिनी त्या राजवटीचा सैनिक होता, मी ते झाकणार नाही. मी हा धागा त्याला हिरो बनवायला काढलेला नाही. तो कसा लढला आणि मुख्य म्हणजे कसा गेला, ते मला सांगायचंय, कारण त्या शेवटात मला एक माणूस दिसतो.

एकटा_वाचक:
ठीक आहे, पटलं. लिहा पुढे.

बर्मिंगहॅमकर:
मध्येच येतो. ज्यांना सीआर ४२ प्रत्यक्ष बघायचंय त्यांच्यासाठी, इथे ब्रिटनमध्ये रॉयल एअर फोर्स म्युझियमकडे एक आहे. नोव्हेंबर १९४० मध्ये इटालियनांनी बेल्जियममधून इंग्लंडवर हल्ले केले होते, त्यात ११ नोव्हेंबरला एक पायलट इंजिन बिघडून ऑर्फर्डनेसच्या किनाऱ्यावर उतरला, ते हे विमान. मी मुलीला घेऊन गेलो होतो. जवळ उभं राहिलं की पहिलं काय जाणवतं तर कॉकपिट किती उघडं आहे, पायलटचं डोकं थेट वाऱ्यात, समोर एक छोटी काच. इंग्लंडच्या नोव्हेंबरमध्ये त्यात बसून समुद्र ओलांडायचा! आणि दोन्ही पंखांमध्ये तिरप्या लोखंडी काड्या, ग्लॅडिएटरसारख्या तारा नाहीत. लेकीने विचारलं याला छप्पर का नाही, मी काय सांगणार. पायलटांनाच नको होतं, चहूबाजूला दिसलं पाहिजे म्हणून, हे मला नंतर कळलं.

रानवारा:
हे छान सांगितलंत, आता शेवटाकडे येतो.

जानेवारी १९४१ मध्ये ब्रिटिश जनरल प्लॅटच्या फौजा सुदानमधून एरिट्रियात शिरल्या, ४ थी आणि ५ वी इंडियन डिव्हिजन. फेब्रुवारीच्या सुरुवातीला अगोर्दात पडलं आणि मग केरन. केरन म्हणजे अस्मारा शहराच्या वाटेवरचं गाव, त्याच्या तोंडाशी खिंड, दोन्ही बाजूंना उभे कडे, आणि इटालियनांनी तिथे जीव तोडून प्रतिकार केला. तिकडे हवेत चित्र बदललं होतं, दक्षिण आफ्रिकेच्या १ नंबर स्क्वॉड्रनकडे हरिकेन आली होती. आठ गन आणि ताशी ५०० किलोमीटरच्या वरचा वेग, त्यापुढे सीआर ४२ चं काही चालेना. तरीसुद्धा ९ फेब्रुवारीला सीआर ४२ नी अगोर्दातच्या धावपट्टीवर, जी आठवड्यापूर्वी त्यांच्याच मालकीची होती, जाऊन उभी विमानं जाळली.

आणि ११ फेब्रुवारी. मोहिमेवरून परतताना हवामान बिघडलं आणि त्याचे सोबती वाट चुकून भलतीकडेच उतरले. विसिंतिनी स्वतः सुखरूप परत आला होता. तो पुन्हा उडाला, त्यांना शोधायला. ढगात वाट सापडली नाही आणि विमान नेफासीतजवळ बिझेनच्या डोंगरावर आदळलं. वय २७. मरणोत्तर इटलीचं सुवर्णपदक मिळालं, त्यांच्याकडचा सर्वोच्च शौर्य सन्मान.

१६ विमानं पाडणाऱ्याला कुठल्या शत्रूने पाडलं नाही. तो खाली कॅन्टीनमध्ये बसला असता तर कुणी त्याला नावं ठेवली नसती, हवा तशी होती. पण त्याचे सोबती बाहेर होते.

सह्यभटक्या:
अंगावर काटा आला. त्या जागेबद्दल थोडं लिहितो कारण ती भूगोलाच्या दृष्टीने आपल्याला फार ओळखीची आहे. अस्मारा साधारण २३०० मीटर उंचीवर, पठारावर. पूर्वेला पठार एकदम संपतं आणि कडा थेट तांबड्या समुद्राकडे, मसावाकडे उतरतो, आपल्या कोकणकड्यासारखा, फक्त उंची जवळपास दुप्पट. नेफासीत त्या उतारावर, मसावा-अस्मारा रेल्वेच्या वाटेत. आणि गंमत अशी की एरिट्रियाच्या पठारावर पाऊस उन्हाळ्यात पडतो पण या पूर्वेच्या उतारावर हिवाळ्यात पडतो, समुद्रावरून ओलं वारं येतं आणि कड्याला धडकून ढग होतो. म्हणजे फेब्रुवारीत वर पठारावर लख्ख ऊन आणि कड्याच्या काठाखाली दाट धुकं. पावसाळ्यात माळशेज किंवा आंबोली घाटात ज्यांनी गाडी चालवली आहे त्यांना कळेल, दहा फुटांवरचा कठडा दिसत नाही. त्यात हा माणूस विमान घेऊन, रेडिओ नाही, खाली काय आहे दिसत नाही, आणि त्याला मुद्दाम खाली यायचंय कारण जमिनीवर उतरलेलं विमान शोधायचंय.

बिझेनच्या माथ्यावर चौदाव्या शतकातला ऑर्थोडॉक्स मठ आहे, देब्रे बिझेन, तिथे बायकांना आजही प्रवेश नाही.

कोल्हापूरची_शिक्षिका:
सह्यभटक्या, हे वाचून ते सगळं डोळ्यासमोर उभं राहिलं. रानवारा, तुम्ही दुसऱ्या मुलाबद्दल सांगणार होतात, विसरू नका.

रानवारा:
नाही विसरलो ताई. धाकटा भाऊ लिचिओ विसिंतिनी, इटालियन नौदलात, देचिमा मास नावाच्या खास पथकात. त्यांचं हत्यार म्हणजे दोन माणसांनी पाण्याखाली स्वार होऊन चालवायचा टॉर्पेडो, त्याला ते मायाले म्हणायचे, म्हणजे डुक्कर, कारण ते हाकायला तसंच हट्टी. स्पेनच्या अल्जेसिरास बंदरात ओल्तेर्रा नावाचं एक इटालियन टँकर जहाज अडकून पडलं होतं, समोरच खाडीपलीकडे ब्रिटिशांचं जिब्राल्टर. लिचिओच्या पथकाने त्या जहाजाच्या पुढच्या भागाला पाण्याखाली दार कापलं आणि आत गुपचूप अड्डा केला, डुकरं आतूनच पाण्यात सोडायची, वरून बघणाऱ्याला फक्त गंजलेलं जहाज.

डिसेंबर १९४२ मध्ये, ७ आणि ८ तारखेच्या मधल्या रात्री, तीन डुकरं निघाली, समोर नेल्सन ही युद्धनौका आणि फॉर्मिडेबल, फ्युरिअस ही विमानवाहू जहाजं. ब्रिटिश गस्ती बोटी पाण्यात स्फोटकं टाकत होत्या. लिचिओ आणि त्याचा साथी जोव्हान्नी माग्रो दोघंही त्यात गेले. त्यांची शरीरं ब्रिटिशांना मिळाली, त्यांनी लष्करी मानाने समुद्रात अंत्यविधी केला आणि ज्या ब्रिटिश डायव्हरांचं काम या लोकांनी लावलेले सुरुंग काढायचं होतं, लायोनेल क्रॅब आणि बेली, त्यांनी पुष्पचक्र टाकलं. लिचिओलाही सुवर्णपदक, मरणोत्तर. एका घरात दोन सुवर्णपदकं, दोन वर्षांच्या आत, आणि दोन्ही घरी न आलेल्या मुलांची. आणि १९४७ ला त्यांचं पारेंझोच इटलीतून गेलं, युगोस्लाव्हियात.

खडकीचा_सॅपर:
त्या आईचं काय झालं असेल. यापुढे काही लिहवत नाही.

सातारी_माणूस:
उशिरा आलो, सगळं वाचून काढलं. मी हा धागा उघडला तो केरन या एका शब्दासाठी. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ ३/५ मराठामध्ये, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते, केरनला होते. घरात त्यांचा एक फोटो आहे, बाकी काही नाही. ते फार बोलायचे नाहीत म्हणे, फक्त पाणी नव्हतं एवढं सांगायचे. रानवारा दादा, याच काळात मराठा पलटण तिथे होती का? म्हणजे हा पायलट ज्या विमानात होता ती विमानं आमच्या आजोबांनी पाहिली असतील का?

रानवारा:
भाऊ, तारखा जुळवून सांगतो, नुसतं मनाला बरं वाटेल असं सांगत नाही. विसिंतिनी ११ फेब्रुवारीला गेला. ३/५ मराठाचा मोठा हल्ला १५ मार्चला झाला, म्हणजे महिन्याभरानंतर. ५ व्या डिव्हिजनची ९ वी ब्रिगेड, पलटणीचे कमांडर लेफ्टनंट कर्नल डेनिस रीड. त्या दिवशी सकाळी हायलँड लाइट इन्फंट्रीने चढाई केली ती उन्हात, उघड्या उतारावर अडकून पडली. मग संध्याकाळी मराठा चढले आणि पिनॅकल नावाचं शिखर घेतलं, शेजारचं पिंपल फ्रंटियर फोर्सने घेतलं, आणि त्यामुळे पहाटे वेस्ट यॉर्कशायर या ब्रिटिश पलटणीला डोलोगोरोडोकचा किल्ला घेता आला. केरन पडलं २७ मार्चला. पाणी नव्हतं हे आजोबांनी अगदी खरं सांगितलं, त्या उतारांवर पाणी आणि दारूगोळा माणसांनी पाठीवरून वाहून नेला.

म्हणजे मार्चमध्ये आकाशात सीआर ४२ दिसली असतील तर ती विसिंतिनीच्या सोबत्यांची, त्याची स्वतःची नाही.

आणि एक, यशवंत घाडगे, माणगावजवळच्या पळसगावचे, ज्यांना जुलै १९४४ मध्ये इटलीत तिबेर नदीच्या खोऱ्यात केलेल्या पराक्रमाबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते याच ३/५ मराठाचे. केरनची पलटण तीन वर्षांनी इटलीत लढत होती, विसिंतिनीच्या देशात.

सातारी_माणूस:
पिनॅकल. एवढा एक शब्द मिळाला तरी खूप झालं दादा. उद्या वडिलांना सांगतो, ते ८१ वर्षांचे आहेत, त्यांनाही त्या डोंगराचं नाव कधी कळलं नव्हतं.

बर्मिंगहॅमकर:
सातारी_माणूस, केरनला कॉमनवेल्थ वॉर सिमेट्री आहे आणि तिथेच केरन क्रिमेशन मेमोरियल, ज्या हिंदू आणि शीख सैनिकांना अग्नी दिला त्यांची नावं त्यावर कोरलेली आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या साइटवर पलटणीचं नाव टाकून शोधता येतं. आजोबांचे सोबती कोण कोण तिथे राहिले ते तुम्हाला नावानिशी, गावानिशी सापडेल. मी आत्ताच उघडून बसलोय, मराठा लाइट इन्फंट्रीची नावं वाचतोय.

सातारी_माणूस:
मीही उघडलंय.